६४ केबीपीएसला 'अमर्यादित' म्हणू नका

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

दिवसाचा २ जीबीचा कोटा संपला की फोनवरच्या नेटचा वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. ५ एमबीची पीडीएफ उतरायला दहा मिनिटांहून जास्त लागतात. सरकारी अर्जाचं पान त्याआधीच 'सेशन संपले' म्हणून हात वर करतं. ओटीपी मात्र एसएमएसने वेळेवर येतो! तरीही जाहिरातीत हा प्लॅन 'अमर्यादित'च.

कोटा संपल्यावरही वायरच्या ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली जाऊ नये, असं दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्येच बजावलं. मोबाइलला असा तळ नाही. फायबर न पोचलेल्या घरात फोनचा हॉटस्पॉट हेच ब्रॉडबँड असतं, आणि नेमकं तिथेच हे दुखणं आहे.

लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे साधं वायफाय वाटतं. न सांगता विंडोजचे अपडेट आणि ड्राइव्हवरचे फोटो चालू होतात. सेटिंग्जमध्ये त्या वायफायपुरतं 'मीटर्ड कनेक्शन' चालू केलं तर यातलं बरंच थांबतं, पण व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण १ जीबी लागतोच. अमर्यादित ५जीचा फास वेगळा. ती सवलत ५जी सिग्नल असेपर्यंतच; आतल्या खोलीत फोन ४जीवर घसरला की कोटा झिजू लागतो, आणि लॅपटॉपला त्याचा पत्ताही नसतो.

जास्त वापरणाऱ्याने जास्त पैसे द्यावेत, यावर आमचं दुमत नाही. पण टॉवरवर ताण येतो तो संध्याकाळच्या गर्दीत. पहाटे चारला उतरवलेल्या १ जीबीने कोणाचं काय अडतं? २८ दिवसांचे ५६ जीबी एकत्र द्या, कधी वापरायचे ते ग्राहक ठरवेल. आज सहा दिवस वाचवलेला डेटा रोज मध्यरात्री बुडतो आणि रविवारी वरून डेटा-व्हाउचर मारावं लागतं. कोटा संपल्यावर ५१२ केबीपीएस द्या, आणि त्याहून वेग कमी करायचाच तर टॉवर भरलेला असेल तेव्हाच, तेवढ्यापुरता.

आपल्याकडे हॉटस्पॉटचा डेटा सहसा त्याच कोट्यातून जातो, हे बरं आहे. अमेरिकेत अनेक प्लॅनमध्ये त्याला वेगळी, तोकडी मर्यादा असते. हॉटस्पॉटचा वापर ओळखणंही सोपं: फोनच्या स्वतःच्या डेटा-पॅकेटचा टीटीएल (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर एकने घटणारा आकडा) ६४ असतो, फोनमागच्या विंडोज लॅपटॉपचा १२७. ही चाल इथे येण्याआधीच दार लावावं. ट्रायच्या २०१६ च्या नियमांनी मजकुरावरून वेगळा दर लावायला बंदी केली. त्यात 'डेटा कोणत्या उपकरणात वापरला यावरूनही नाही' एवढं वाक्य जोडायला हवं.

दर ठरवणं कंपन्यांवर सोडलं आहे, हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. मात्र ट्राय कायद्याच्या कलम २५ नुसार धोरणात्मक निर्देश देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. वेगाचा तळ हा दर नव्हे, सेवेचा दर्जा आहे. पहिला निर्देश त्याचाच काढावा.

आपले,
हॉटस्पॉटवर काम करणारे ग्राहक