बाबांना तुझं शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, तेव्हापासून बाबांनी सहलीच्या बेताची ती निळी वही उघडलेली नाही. एरवी रोज जेवण झालं की तासभर त्या वहीत डोकं घालून बसायचे. आता मी काही विचारलं की ‘बघू’ म्हणतात. तिकडे तूही गप्प. म्हणून लिहायला बसले. फोनवर हे सांगता येत नाही. ते घरातच असतात, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच कानाबद्दल हळू आवाजात बोलणं माझ्या जिवावर येतं. आताशा हळू बोलायचीही गरज नसते, ते तर त्याहून जिवावर येतं.

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे तुझा शब्द न् शब्द मी ऐकलाय. आधी तू म्हणालीस, या वयात दोघांनीच प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट असं फिरू नका, जायचंच तर टूरबरोबर जा. मग जरा थांबलीस आणि आवाज खाली आणून म्हणालीस, “नाहीतर सप्टेंबरात मी येते सोबत.” त्यावर बाबा म्हणाले, “तुझं काही नको आम्हाला, आमचं आम्ही बघू.” आणि तू फोन ठेवलास.

‘येते सोबत’ त्यांना ऐकूच आलं नाही गं. रात्री मी विचारलं तर म्हणाले, “पैसे देते म्हणत होती ना?” तू खर्च देऊ करतेयस असं त्यांना वाटलं आणि ते त्यांना लागलं. खरं काय ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. लेकीचा आवाजही आता धड पोचत नाही, हे माझ्या तोंडून त्यांना कळायला नको होतं. चूक की बरोबर, मला ठरवता येत नाही.

कानाच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षी कागदावर आलेख काढून दाखवला होता. जाड, खालच्या पट्टीतले आवाज असतात तिथे रेघ जवळजवळ सरळ, आणि पुढे बारीक आवाजांकडे जाताना ती उतरत गेलेली. स, श, फ, थ हे सगळे त्या उतारावर बसतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी हातचे जातात. माझं बोलणं त्यांना समजतं, कारण मी काय बोलणार ते त्यांना आधीच ठाऊक असतं. तुझं तसं नाही. कानाचं मशीन घेऊन दिलं, ते टेबलाच्या खणात डबीत पडून आहे. भांडी वाजली की डोक्यात घण बसतो म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेंदूला सवय व्हायला काही आठवडे रोज घालावं लागतं. यांनी सहा दिवस घातलं.

पण कानाबद्दल लिहायला मी बसले नव्हते. तुला आमचा बेत नीट समजावा म्हणून बसले होते.

प्रागला चार रात्री, व्हिएन्नाला सहा, बुडापेस्टला चार. मधले दोन्ही प्रवास आगगाडीने. प्रागहून व्हिएन्ना चार तास, व्हिएन्नाहून बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. विमानतळावरच्या रांगा नाहीत, सामान डोळ्यांसमोर. सगळ्यात जास्त रात्री ऑस्ट्रियात, म्हणून व्हिसाचा अर्जही ऑस्ट्रियाकडेच. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, आम्ही त्याहून मोठा घेतोय, आणि त्यात बाबांचा रक्तदाब नि माझी साखर दोन्ही लिहूनच घेतोय. लपवलेलं आजारपण ऐन वेळी अंगाशी येतं, ते मावशीच्या वेळी आपण पाहिलंय. हॉटेल निवडताना त्यांनी एकच पाहिलं, की ट्रामचा थांबा दाराशी हवा आणि इमारतीला लिफ्ट हवी. प्रागच्या किल्ल्यावर चढून जायचं नाही, 22 नंबरची ट्राम वरपर्यंत नेते. चार्ल्स पुलावर उजाडता उजाडता जायचं, गर्दी व्हायच्या आत. पाचशे सोळा मीटरचा पूल आणि दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे, म्हणजे मला टेकायला बहाणे भरपूर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी या माणसाने हे सगळं स्वतः शोधून, शाईच्या पेनाने, समास सोडून लिहून काढलंय. ती वही तू एकदा बघ. मला त्यांचा इतका अभिमान वाटतो की तुझ्याशी वाद घालताना माझाच आवाज चढतो.

आणि प्रागचा तो नियम मीच वाचून काढला. तिथे पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरही आधी ट्राम जाते, माणसाने थांबायचं. ट्राम घंटा देते. झालं, एवढं वाचलं आणि माझी झोप गेली.

टूरचं म्हणशील तर 2014 ची आठव. चौदा दिवसांत अकरा शहरं. व्हेनिसला चारशेच्या वर पूल आहेत, त्यातले आम्ही चार पाहिले आणि झेंडीच्या मागे पळत परत बसमध्ये. रोम म्हटलं की मला अजून बसच्या काचेवरचा पाऊस आठवतो. गाइड सगळ्यांच्या कानात यंत्र देऊन माहिती सांगायचा आणि बाबा शेवटी उभे राहून मान डोलवायचे. त्यांना काही कळत नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. म्हणजे बारा वर्षं तरी झाली असतील. बारा वर्षं मी काय करत होते?

खरी सहल ती 2011 ची, तू पॅरिसला शिकत होतीस तेव्हाची. तुझी ती पोटमाळ्यावरची खोली, तिथे आम्ही दोघं पलंगावर आणि तू जमिनीवर. तू आम्हाला नोत्र दाम चर्चच्या बुरुजावर नेलंस, 387 पायऱ्या. मी दोनदा बसले. बाबा मात्र सरळ त्या मोठ्या घंटेपाशी जाऊन उभे राहिले. इमॅन्युएल तिचं नाव, तेरा टनांची, सतराव्या शतकातली. तू त्यांना सांगत होतीस आणि ते हात लांब करून हवेतच तिचा घेर मोजत होते. संध्याकाळी नदीकाठी बसलो असताना घंटा सुरू झाल्या, तर त्यांनी बोट वर करून आपल्याला गप्प बसवलं आणि शेवटचा घुमार विरेपर्यंत बोट खाली केलं नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये छप्पर जळताना टीव्हीवर दाखवत होते, तेव्हा तू तिकडून रडत फोन केलास आणि यांनी तुला पहिलं विचारलं, “बुरूज वाचले का?” मला अर्थ कळला होता. बुरूज वाचले, म्हणजे ती वाचली. कळस कोसळला त्याचं दुःख नंतर केलं.

आता एक सांगते, ते तुला इतके दिवस सांगितलं नव्हतं. 2018 ला आम्ही ॲम्स्टरडॅमला होतो, तेव्हा बाबांचा कोपर सुजला होता. बाथरूममध्ये आपटला असं तुला सांगितलं. तसं नव्हतं. तिथे सायकलींचा रस्ता लालसर असतो, नवख्या माणसाला तो पदपथच वाटतो. हे नेहमीसारखे चार पावलं पुढे. मागून एक मुलगी सायकलवर आली, घंटी वाजवत होती, सारखी वाजवत होती, मला वीस पावलांवर ऐकू येत होती. मीही ओरडले. ते चालत राहिले. तिने शेवटच्या क्षणी हँडल वळवलं म्हणून कोपरावर निभावलं. ती पोर थरथरत होती, यांची माफी मागत होती, आणि हे हसून तिलाच धीर देत होते. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाहीला धरून चालते. लोकांना वाटतं केवढं प्रेम! तेही आहेच.

त्यानंतर व्हिएन्ना. हायलिगेनश्टाट म्हणून तिथे बाहेरच्या बाजूला एक भाग आहे, संगीतकार बीथोव्हेन 1802 मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने तिथे राहायला गेला होता. ते घर आता संग्रहालय आहे, आत छोटं अंगण आहे. त्याने तिथून आपल्या भावांना पत्र लिहिलं आणि कधी पाठवलंच नाही, 1827 मध्ये तो गेल्यावर त्याच्या कागदांत सापडलं. त्यात तो लिहितो की, मोठ्याने बोला, मी बहिरा आहे, असं लोकांना सांगणं त्याला जमत नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला लांबवर पावा ऐकू यायचा आणि याला काहीच नाही. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. बाबांनी भाषांतर सबंध वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी अंगणात जाऊन बसले. बाहेर आले ते काही बोलले नाहीत, बसमध्येही नाही. त्या रात्री मला विचारलं, “मुक्ताचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक झालाय का गं?”

मी म्हटलं, हो, थोडा. खोटं बोलले. तेव्हाच खरं बोलले असते तर एवढी वर्षं फुकट गेली नसती. लवकर मशीन घातलं तर कानाला वळण लागतं म्हणतात.

तूही आता ऐक. तू फार भराभर बोलतेस. एकीकडे लॅपटॉपवर काम आणि एकीकडे आमच्याशी बोलणं, तोंड भलतीकडे. कळलं नाही की ओरडतेस. ओरडल्याने शब्द अजून फाटतात, डॉक्टरांनी हेही सांगितलंय. त्यांच्याकडे बघून, सावकाश, नेहमीच्या आवाजात बोलायचं. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ असं म्हणून सोडून द्यायचं नाही, ते त्यांना सगळ्यात जास्त लागतं. आणखी एक, तू अकरा महिने रजा घेतलेली नाहीस. अनिकेतच्या त्या प्रकारानंतर तू कामात बुडवून घेतलंयस, ते काय मला दिसत नाही?

हे शेवटचं लिहायला नको होतं. खोडून टाकणार होते, पण खोडलेलं तू वाचतेसच. माफ कर. तुझ्यावर राग नाही माझा. तुझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचावा एवढीच धडपड आहे, ती उपदेशासारखी बाहेर पडते.

व्हिएन्नात त्यांच्यासाठी मी एक गोष्ट हेरून ठेवलीय. तिथल्या सरकारी ऑपेरात प्रत्येक जागेसमोर छोटा पडदा असतो, गाण्याचे शब्द त्यावर उमटतात. वाद्यांचा खर्ज त्यांना अजून छान ऐकू येतो, शब्द वाचून घेतील. आणि बऱ्याच संग्रहालयांत, चर्चमध्ये कानाच्या चित्राची पाटी असते. तिथे मशीन एका विशिष्ट खुणेवर ठेवलं की आवाज थेट कानात येतो, आजूबाजूचा गलबला गळून पडतो. आपल्या मशीनमध्ये ती सोय आहे, मी विचारून घेतलंय. पण खणात ठेवून ती काय कामाची? बुडापेस्टच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरताना मात्र काढावं लागेल. आधी कानात जाऊ दे, मग काढायचं बघू.

फलाटाचा नंबर ऐन वेळी बदलला आणि फक्त कर्ण्यावरून सांगितला तर? रात्री हॉटेलात धोक्याची घंटा झाली आणि मी औषधाच्या गुंगीत असले तर? युरोपात कुठूनही 112 लावायचा, हे मी पाठ केलंय. पण तो फोन हे ऐकणार कसा? बघ, पुन्हा तिथेच आले.

तू सोबत यावंस की नाही, हे मी तुला सांगणार नव्हते. आम्हाला दोघांनाच जायचं होतं, हे खरं आहे. शेहेचाळीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे फार गेलो नाही. तरी त्या रात्री तू ‘येते सोबत’ म्हणालीस तेव्हा माझ्या हातापायांतला ताण सुटला, हेही खरं आहे. सगळे चौदा दिवस नको. प्राग आम्ही दोघं करतो, मी बाही सोडणार नाही. तू व्हिएन्नाला ये. तुला आणि त्यांना त्या अंगणात बसलेलं मला बघायचंय.

पण ते तू स्वतः त्यांना सांग, मी मध्ये पडणार नाही. रविवारी साडेनऊला व्हिडिओ कॉल कर, साधा फोन नको. ओठ दिसले की त्यांना पुष्कळ कळतं. उजेड तुझ्या तोंडावर येईल अशी बैस, पाठीमागे खिडकी नको. मशीनचे सेल मी आणून ठेवलेत, तपकिरी पट्टीचे, 312 नंबरचे. पट्टी सोलून मिनिटभर हवेत ठेवावे लागतात. सव्वानऊलाच एक जोडी सोलून डबीशेजारी ठेवीन, काही बोलणार नाही. नाहीच घातलं तर त्यांच्या उजव्या बाजूला मी बसते. डाव्या कानाने जरा बरं ऐकू येतं, फोन तिकडे ठेवू.

तुझी,
आई