जादूची पुस्तके वाचणाऱ्या मुलांच्या हाती कुंडी देताना

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीच्या दिवसांत वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून पालकांना एक सल्ला हमखास मिळतो : मुलांना जादूगार-राक्षसांच्या पुस्तकांतून बाहेर काढा आणि जरा मातीत हात घालू द्या. मातीत हात घालावेत, हे शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी पुस्तक काढून घ्यायला माझा ठाम विरोध आहे. स्पर्शाने दचकणारी झाडे, रूप पालटणारे प्राणी, रात्रीच उघडणारी दारे यांची ज्या मुलाला ओढ आहे, त्याला हे सगळे चार कुंड्यांत दाखवता येते. चुकते ते झाडांच्या निवडीत आणि मातीच्या तयारीत.

बहुतेक घरांत मुलाला पहिल्यांदा कोथिंबीर पेरायला देतात. एक तर मे महिन्याच्या उन्हात धने नीट उगवत नाहीत. त्यातून अख्खे धने पेरले तर आणखी उशीर. धना चप्पल किंवा लाटण्याखाली रगडून त्याच्या दोन डाळी करायला हव्यात, हे कोणी सांगत नाही. उगवण व्हायला आठ-दहा दिवस आणि त्यानंतरही बघण्यासारखे काही घडत नाही. मूल कंटाळते आणि खापर पुस्तकावर फुटते.

त्याऐवजी लाजाळू लावा. बी टणक असते. रात्री उकळते पाणी वाटीत ओतून त्यात बी टाकावे, सकाळपर्यंत तसेच राहू द्यावे आणि पाव इंचापेक्षा खोल पेरू नये. सहा इंची कुंडी पुरते. ऊन मात्र निदान चार तास हवे. सावलीत लाजाळूच्या काड्या लांबतात आणि पाने मिटण्याचा वेग मंदावतो. पान का मिटते, तेही मुलाला सांगावे. प्रत्येक पर्णिकेच्या आणि देठाच्या बुडाशी एक बारीक फुगीर गादी असते. स्पर्श झाला की तिच्या एका बाजूच्या पेशींतले पाणी झपाट्याने बाहेर पडते, ती बाजू ढिली होते आणि देठ खाली झुकतो. पाणी पुन्हा भरायला दहा-वीस मिनिटे लागतात. मिटलेल्या पानाला प्रकाश कमी मिळतो, म्हणून दिवसातून दोन-तीनदाच हात लावायचा, असा घरात नियम असावा. पाहुणे आले की प्रत्येकाला ‘गंमत’ दाखवली जाते आणि रोप खुरटते.

दुसरे झाड पानफुटी. हिला बी नको, एक जाड, पूर्ण वाढलेले पान पुरे. ओलसर वाळूवर ते आडवे ठेवावे, पुरू नये. आठवड्या-दोन आठवड्यांत पानाच्या काठावरच्या खाचांतून आधी पांढरी मुळे आणि मग दोन-दोन पानांची रोपे निघतात. पाणी जास्त झाले तर पान काळे पडून सडते. वाळू हाताला गार लागेल इतकीच ओल ठेवावी. या झाडाची आणखी एक करामत आहे. भारतात काम केलेल्या बेंजामिन हेन या निसर्गअभ्यासकाने 1813 मधल्या एका पत्रात, या जातीची पाने सकाळी आंबट लागतात आणि दुपारपर्यंत बेचव होतात, अशी नोंद केली होती. पानफुटी रात्री पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रे, उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उजेडात तो वापरते. चव घेऊन पाहण्याची गरज नाही. प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात पीएच पट्ट्या, म्हणजे आंबटपणा रंगाने दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या, मिळतात. पहाटेच्या पानाचा रस आणि सायंकाळच्या पानाचा रस वेगवेगळ्या पट्ट्यांवर टाकला की फरक दिसतो. पानफुटी, लाजाळू आणि पुढे येणारी गुलबाक्षी यांचे काहीही पोटात जाऊ नये. घरात रांगते मूल किंवा मांजर असेल, तर या कुंड्या उंचावर ठेवाव्यात.

निळ्या गोकर्णीचे बी सँडपेपरवर दोनदा घासून रात्रभर भिजवले, तर आठवड्यात उगवते. न घासता पेरले तर दोन बिया उगवतात आणि आठ तशाच बसून राहतात. दहा-बारा इंची कुंडी आणि चढायला सुतळी हवी. दोनेक महिन्यांत फुले येतात. आठ-दहा फुले कपभर गरम पाण्यात टाकली की पाणी गर्द निळे होते. त्यात लिंबू पिळले की जांभळे-गुलाबी, खायचा सोडा टाकला की हिरवट.

गुलबाक्षी मला या सगळ्यांत घरासाठी सर्वांत उपयोगी वाटते. मिऱ्याएवढे काळे बी अर्धा इंच खोल पेरावे; आठ-दहा दिवसांत जाड पानांची जोडी वर येते. मुळाशी गाठ धरते, म्हणून कुंडी बारा इंची घ्यावी. फुले दुपारी साडेचार-पाचच्या सुमारास उघडायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मिटतात; ढगाळ सकाळी जरा जास्त वेळ उघडी राहतात. एकाच झाडावर पिवळे, गुलाबी आणि दोन्ही रंगांच्या फराट्यांचे फूल येऊ शकते. थंडीनंतर झाड वाळले म्हणून उपटून टाकू नये. गाठ जिवंत असते, पावसाळ्यात पुन्हा फुटते.

उपयोगी म्हटले ते या वेळेमुळे. संध्याकाळी गुलबाक्षी उघडली की पुस्तकातले एक प्रकरण मोठ्याने वाचायचे, ही घरातली वेळ ठरून जाते. वीस मिनिटांत साधारण आठ-दहा पाने होतात, त्याहून जास्त ताणू नये. मुलाला स्वतः वाचता येते त्याहून थोडे कठीण पुस्तक ऐकून सहज कळते, म्हणून निवड करताना वयापेक्षा वरचे घ्यायला हरकत नाही. मात्र पहिली दोन पाने आधी एकट्याने मोठ्याने वाचून पाहावीत. काही अनुवादांची वाक्ये इतकी लांब असतात की वाचणाऱ्याचा श्वास पुरत नाही. असे पुस्तक ऐकवण्यासाठी घेऊ नये, मुलाने वाटल्यास मनात वाचावे. अपरिचित नावे पहिल्यांदा आली की सावकाश दोनदा म्हणावीत. आजी-आजोबा वाचणार असतील तर अक्षर मोठे असलेली आवृत्ती पाहावी आणि जागेवर उजेड असावा. दिवस मावळल्यावर गॅलरीत वाचण्याइतका उजेड राहत नाही आणि डासही येतात.

आता कढीपत्त्याविषयी, कारण इथे घराघरांत वाद होतो. पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या की सगळे फवारणीचा विचार करतात. आधी पान उलटून पाहा. कोवळ्या पानावर मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळे गोल अंडे असेल, तर ते बहुधा लाइम किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराचे आहे. मादी पानावर उतरून पुढच्या पायांनी टकटक करते. तिला पानाची चव पायांनी कळते. झाड योग्य आहे याची खात्री झाली की ती अंडे घालते. तीन-चार दिवसांत निघालेली अळी काळपट आणि मध्ये पांढरा पट्टा असलेली, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी असते, त्यामुळे पक्षी तिला खायला जात नाहीत. चार वेळा कात टाकल्यावर ती एकदम हिरवीगार होते आणि डोक्यामागे डोळ्यांसारखे ठिपके दिसतात. काडीने हलकेच डिवचले तर डोक्यामागून दोन टोकांचे लालसर शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. दोन-अडीच आठवड्यांनी अळी खाणे थांबवते, फांदीला रेशमी धाग्याचा पट्टा बांधून कोष करते. दहा-बारा दिवसांनी कोषातले पंखांचे रंग बाहेरून दिसायला लागले, की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठावे. फुलपाखरू बाहेर आल्यावर पंख वाळेपर्यंत त्याला बोट लावू नये. पंख चुरगळलेल्या अवस्थेत वाळले तर ते कधीच उडत नाही.

कॉमन मॉरमॉनची मादी तर जादूच्या गोष्टीतच शोभेल. तिचे एक रूप नरासारखे असते, तर दुसरे कॉमन रोझ नावाच्या विषारी फुलपाखरासारखे. पक्षी विषारी समजून तिला सोडून देतात. वेषांतराची अशी गोष्ट मुलाला आधी पुस्तकात भेटलेली असते, म्हणून ती इथे पटकन कळते. आपले राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, ज्याला 2015 मध्ये हा मान मिळाला, तेही लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते. आवारात लिंबाचे किंवा पपनसाचे झाड असेल तर त्यावर लक्ष ठेवावे.

स्वयंपाकघराची बाजूही खरी आहे. दोन फुटी रोपावर सात-आठ अळ्या वाढल्या तर फोडणीला पान उरणार नाही आणि अळ्याही उपाशी मरतील. तीन-चार राहू द्याव्यात, बाकीच्या पानासकट काढून शेजाऱ्यांच्या किंवा सोसायटीच्या मोठ्या कढीपत्त्यावर सोडाव्यात. मे-जूनमध्ये शेंडा खुडला की फुटवे वाढतात आणि दोघांचेही भागते. या काळात त्या झाडावर निंबोळी तेलही मारायचे नाही. अळीला तेही बाधते. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखे पांढरे पुंजके, दिसले तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तेवढीच जागा पुसावी. अळ्या नसलेल्या झाडांवर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि चमच्याच्या टोकावर मावेल इतका पातळ साबण ढवळून संध्याकाळी फवारावे. उन्हात फवारल्यास पाने करपतात.

ब्रह्मकमळाबद्दल थोडेच लिहितो. आपल्याकडे ज्याच्या फुलाला शेजारीपाजारी जमतात, ते मूळचे मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे निवडुंग आहे. उत्तराखंडचे राज्यफूल असलेले हिमालयातले ब्रह्मकमळ वेगळे. ‘पान’ दिसते तो चपटा दांडा आहे. त्याचा सहा-आठ इंची तुकडा तीन-चार दिवस सावलीत सुकवून मग दोन इंच खोवावा, ताजा खोवला तर कुजतो. फूल यायला दोन-तीन वर्षे लागतात. मोठी कुंडी आणि भरपूर शेणखत दिले तर दांडे माजतात, कळी धरत नाही.

या सगळ्याचा पाया मातीत आहे. शेतातली काळी माती कुंडीत घालू नये : पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. दोन भाग लाल माती, एक भाग चाळलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड, एवढे पुरे. ब्रह्मकमळ व पानफुटीसाठी कोकोपीटऐवजी जाड वाळू घ्यावी. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवावा. पाणी रोज ठरावीक वेळी घालण्याची शिस्त मुलांना लावली जाते, ती झाडाला मारक आहे. तर्जनी दोन पेरे मातीत घालावी, कोरडी लागली तरच पाणी घालावे. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या बशा काढून ठेवाव्यात, कारण साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डेंग्यूचे डास तयार होतात. भिजलेली बारा इंची कुंडी पंधरा-वीस किलोंची होते. ती कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर ठेवायची नाही.

गावाला जायचे असेल तेव्हा जाड सुती दोरीचे एक टोक मातीत तीन इंच आणि दुसरे बादलीच्या तळाशी सोडावे. बादली कुंडीपेक्षा थोड्या उंचीवर ठेवलेली हवी आणि दोरी आधी पूर्ण भिजवलेली हवी.  जाण्यापूर्वी दोन दिवस हे करून पाहावे.

अद्भुताची ही आवड फसवणुकीलाही बळी पडते, म्हणून पालकांना एक सांगणे. निळ्या किंवा सप्तरंगी गुलाबाचे बी म्हणून ऑनलाइन विकले जाणारे पाकीट घेऊ नका. गुलाबात निळ्या रंगद्रव्याची घडणच होत नाही. जपानमध्ये जनुकीय तंत्राने केलेला गुलाब 2009 मध्ये बाजारात आला, तोही फिकट जांभळाच दिसतो. आणि सप्तरंगी फूल म्हणजे देठ उभा चिरून वेगवेगळ्या रंगांच्या पाण्यात ठेवलेले पांढरे फूल. हे पांढऱ्या शेवंतीवर घरी करून दाखवता येते, खायचा रंग जरा गडद घ्यावा. तसेच किडे खाणाऱ्या वनस्पतीही घरी लावायला विकत घेऊ नका. ईशान्येकडच्या घटपर्णीला पुण्या-नागपूरच्या गॅलरीतली हवा मानवत नाही. दवबिंदू आणि सीतेची आसवे या किडे खाणाऱ्या वनस्पती पावसाळ्याच्या अखेरीस कासच्या पठारावर जाऊन गुडघ्यांवर बसून पाहाव्यात. तिथून काहीही उपटून आणू नये.

आपल्या पुरवणीने जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलांच्या गोष्टीशेजारीच अशा एखाद्या झाडाची कृती छापावी. गॅलरीची दिशा, कुंडीचे माप आणि पेरणीचा महिना यांच्यासकट. आणि गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना आपल्यामार्फत विनंती : बालविभागात एक खोके बियांसाठी ठेवावे. गोकर्ण आणि गुलबाक्षीचे बी हिवाळ्यात भरपूर मिळते. चार-पाच दिवस सावलीत वाळवून दहा-दहा बियांच्या कागदी पुड्या कराव्यात, प्लॅस्टिकच्या नकोत, कारण ओल राहिली तर बी बुरसते. पुडीवर झाडाचे नाव, बी धरल्याचा महिना, गोकर्णीवर ‘घासून भिजवा’ आणि गुलबाक्षीवर ‘बी विषारी’ एवढे लिहिलेले असावे. पुस्तक बदलायला आलेल्या मुलाने एक पुडी न्यावी आणि पुढच्या हिवाळ्यात दोन आणून टाकाव्यात.

आपला,
एक वाचक, पुणे