तीन शब्द आणि एक वृत्त

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अचानक दिलेल्या शब्दांवर हलकीफुलकी कविता रचण्याचे जे आव्हान कवी एकमेकांना देतात, तो ‘रिकामपणाचा उद्योग’ असल्याचा अभिप्राय आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात नुकताच वाचला. पत्रलेखकांना कवितेबद्दल कळकळ आहे, हे उघड आहे. परंतु ज्या खेळाला ते उथळ म्हणतात, तो आपल्याकडे राजसभांत खेळला गेला आहे आणि आजही भरल्या सभागृहांत खेळला जातो. म्हणून हे पत्र.

संस्कृत परंपरेत समस्यापूर्ती हा विद्वत्तेचा कस मानला जाई. श्लोकाचा एकच चरण दिला जाई, तोही शक्य तितका असंबद्ध, आणि उरलेले तीन चरण रचून त्याला अर्थ द्यायचा असे. ‘ठं ठं ठठं ठं’ अशा निव्वळ आवाजाच्या चरणाची पूर्ती कालिदासाने भोजराजाच्या सभेत केल्याची आख्यायिका बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असेल. रामाच्या अभिषेकासाठी पाणी आणणाऱ्या युवतीच्या हातून सोन्याचा घडा निसटतो आणि पायऱ्यांवरून आवाज करीत खाली जातो, अशी ती पूर्ती आहे. (भोजराजा अकराव्या शतकातला आणि कालिदास त्याच्या कित्येक शतके आधीचा, तेव्हा आख्यायिकेतला इतिहास सोडून द्यावा, श्लोक मात्र पक्का आहे.) गंमत अशी की, ‘ठं ठं’ला स्वतःचा काहीही अर्थ नाही, आणि तरीही पहिले तीन चरण वाचल्यावर तिथे दुसरे काही येऊच शकले नसते, असे वाटते.

तेलुगू आणि कन्नड प्रदेशात अवधानाची, म्हणजे एकाच वेळी अनेकांची आव्हाने ध्यानात ठेवून तिथल्या तिथे पद्य रचण्याची, परंपरा अजून जिवंत आहे. अष्टावधानात आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे, एका कवीला चहूबाजूंनी घेरतात. त्यांतल्या ‘दत्तपदी’ या प्रकारात पृच्छक विषयाशी संबंध नसलेले, बहुधा चार शब्द देतो आणि श्लोकाच्या प्रत्येक चरणात एकेक शब्द गुंफावा लागतो. अलीकडे पृच्छक मुद्दाम इंग्रजी शब्द देतात, आणि कसलेला अवधानी ते संस्कृत शब्दांच्या पोटात असे विरघळवतो की, ऐकणाऱ्याला ते शोधून काढावे लागतात. हे चालू असताना ‘अप्रस्तुत प्रसंग’ नावाचा आणखी एक पृच्छक मध्येच वाटेल ते विचारून कवीचे चित्त विचलित करीत असतो, आणि त्यालाही हजरजबाबी उत्तर द्यावे लागते. अशा वेळी सभागृहात हशा पिकतो. त्या हशामुळे कोणी अवधानाला उथळ ठरवल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या मराठीतही अशी बंधने हौसेने स्वीकारलेली आहेत. मोरोपंतांच्या रामायणांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे, म्हणजे ओठांना ओठ लावून उच्चारावी लागणारी अक्षरे त्यांनी त्यात येऊ दिलेली नाहीत. कलगी-तुऱ्याच्या, म्हणजे दोन शाहिरी पक्षांच्या सवाल-जवाबाच्या, फडात तर प्रतिपक्षाने टाकलेला सवाल कवनातच सोडवावा लागे, आणि तोही समोर बसलेल्या, मुळीच भिडेखातर न थांबणाऱ्या श्रोत्यांपुढे.

आता आजच्या खेळाबद्दल. उदाहरणादाखल मीच रचलेल्या चार ओळी देतो. चिठ्ठ्यांतून निघालेले शब्द होते पंचांग, रिक्षा आणि कुकर.

पंचांगातुन मुहूर्त ठरला,
रिक्षेमध्ये नवरा शिरला;
कुकर राहिला घरी गॅसवर,
वऱ्हाड वळले पुन्हा घरावर!

ही काही थोर कविता नव्हे, पण ती रचताना काय घडते ते पाहण्यासारखे आहे. मनात प्रथम भुजंगप्रयात होता. त्या वृत्तात दोन लघू शेजारी येत नाहीत (लघू म्हणजे आखूड उच्चाराचे, एका मात्रेचे अक्षर; गुरू म्हणजे लांब, दोन मात्रांचे) आणि ‘कुकर’ हा शब्द तर तीन लघूंचा, म्हणजे तो तिथे कोणत्याही युक्तीने बसणार नाही. मग ओळीला सोळा मात्रा एवढीच अट असलेले पादाकुलक घ्यावे लागले, आणि पादाकुलकाची दुडकी चाल आल्याबरोबर प्रसंगही आपोआप लगीनघाईचा झाला. विषय शब्दांनी नव्हे, तर एका शब्दाच्या लघुगुरूंनी ठरवला. हे शिक्षण वृत्तांची लक्षणे पाठ करून मिळत नाही.

पत्रलेखकांचा एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. पाऊस, आठवण आणि चंद्र असे शब्द द्यायचे, मुक्तछंदात ते कुठेतरी पेरायचे आणि वाहवा घ्यायची, हा प्रकार खरोखर कंटाळवाणा आहे. हे शब्द कोणत्याही कवितेत न बोलावता येतातच. त्यात आव्हान कसले? दिलेला शब्द काढून दुसरा ठेवला तरी कविता तशीच उभी राहत असेल, तर ती पूर्ती नापास समजावी. वरच्या ओळींतून कुकर काढला तर वऱ्हाड परत फिरण्याचे कारणच उरत नाही, एवढी किमान अट पाळली गेलीच पाहिजे. तीच गोष्ट विनोदाची. कोणाच्या रंगावर, जाडीवर किंवा बायकोच्या माहेरावर बेतलेले यमक जुळायला सोपे असते, म्हणूनच ते नको.

माझी विनंती अशी की, आपल्या रविवारच्या पुरवणीत या खेळाला कोपऱ्यातली थोडी जागा द्यावी. दर आठवड्याला एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले तीन शब्द छापावेत, रचना वृत्तात किंवा (पादाकुलकासारख्या, मात्रा मोजून रचलेल्या) जातीत असावी आणि ती आठ ओळींपेक्षा मोठी नसावी. कवीने वृत्ताचे नाव खाली लिहावे, म्हणजे जाणकार वाचकांना मात्रा मोजून चुका काढण्याचा आनंदही मिळेल. त्या चुकाही पुढच्या अंकात छापाव्यात. पहिल्या आठवड्यासाठी सातबारा, इस्त्री आणि वटवाघूळ हे शब्द सुचवतो. पहिले दोन भुजंगप्रयातात सहज बसतील, वटवाघूळ बसणार नाही. तेव्हा वृत्ताची निवड कवीवरच सोडावी.

आपला,
एक नियमित वाचक