उताराला खुर्ची उलटी धरायची

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

तू जाऊन आठ दिवस झाले. पोचल्याचा मेसेज आला, त्यापुढं काही नाही. गौरीच्या जेवणाच्या ताटावरून उठलास आणि मी दारापर्यंतसुद्धा आले नाही, ते माझं चुकलं. पण "पप्पांना घरात कोंडून ठेवलंयस" हे त्यांच्यासमोर बोलायला नको होतंस. आणि त्यावर रात्री अकराला, पावसात, गाडीला किक मारलीस. त्याबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवलंय.

रविवारी पप्पांना शिवाजी विद्यापीठात नेलं. मामानं सकाळी गाडीतून सोडलं. खुर्चीचं पुढचं लहान चाक मुरमात रुततं, त्यामुळं झाडीतल्या पायवाटा आमच्या कामाच्या नाहीत. पण मुख्य इमारतीच्या पुढं आतले डांबरी रस्ते चांगले आहेत, दोन्ही बाजूंनी झाडं, वर्दळ कमी. एका ठिकाणी उतार लागला. फिजिओताईंनी शिकवलंय तशी खुर्ची उलटी केली आणि मी मागं मागं पाऊल टाकत उतरले. पप्पांचं तोंड चढाकडं. म्हणाले, "आलो तो रस्ता दिसतोय की." आपणहून बोलले, सोन्या. किती महिन्यांनी.

मग थांबलेच नाहीत. १९६२ साली विद्यापीठाच्या उद्घाटनाला राधाकृष्णन आले होते, तेव्हा आज्जा सायकलवरून बघायला गेलेले. हा सगळा सागरमाळ, नुसतं गवत आणि वारा, सावलीला झाड नाही असं आज्जा सांगायचे म्हणे. आज ८५३ एकरांचा परिसर आहे, तळी आहेत, मोर आहेत. एक मोर आम्हाला दिसलाही, पिसारा गळालेला.

वनस्पती उद्यानात कंदीलपुष्प फुललंय. कुंडी ओट्यावर होती, खुर्चीतल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर. मलाच वाकावं लागलं. बोटाएवढं फूल, कंदिलासारखं. पप्पा नववीच्या वर्गावर असल्यासारखे सांगायला लागले: बारीकशी माशी वासानं नळीत शिरते, आतले केस खाली वळलेले असतात, म्हणून तिला परत वर येता येत नाही. फूल सुकायला लागलं की केस मऊ पडतात आणि माशी परागकण घेऊन सुटते. डाव्या हाताचं बोट उचलून दाखवत होते. डाव्या! ताईंना मी लगेच फोन केला.

तू याच रस्त्यांवर सायकल शिकलास. पप्पा सीट धरून मागं पळायचे आणि तू "सोडू नका, सोडू नका" म्हणून ओरडायचास. त्यांनी कधीच सोडली होती. मी पुलियावर डबा घेऊन बसलेली, तू पडशील म्हणून डोळे मिटून.

तेव्हापासून मी तशीच आहे, ते मला कळतं. पण खंबाटकी उतरल्यावर ट्रकवाले कसे चालवतात ते तुला माहीत आहे. अपघात झाला त्या रात्री पप्पांनाही मी म्हणाले होते, उशीर झालाय, उद्या या. "एवढंसं तर अंतर," म्हणाले. माणूस दमलेला असला की त्याला स्वतःला कळत नाही. डोळा लागायला क्षणही पुरतो. पुण्याहून येताना साताऱ्यात थांबावं, चहा घ्यावा, तोंडावर पाणी मारावं...

बघ, सुरू झालं माझं. माफ कर. तू सव्वीस वर्षांचा आहेस. पहिल्या पगारातून ही खुर्ची आणलीस, तेव्हा गल्लीत एकेका घरी जाऊन सांगितलंय मी. मुख्य इमारतीसमोर महाराजांच्या पुतळ्यापाशी एका बाईंनी विचारलं, कुठून घेतली? पप्पाच म्हणाले, "पोरानं दिली."

तू म्हणालास त्यात थोडं खरं होतं. मी भीतीपोटी त्यांना बाहेर काढत नव्हते. आता दर रविवारी नेणार आहे. दसऱ्याला तू असशील तर तळ्याच्या बाजूला जाऊ, तिकडचा चढ माझ्या एकटीच्यानं होत नाही.

एसटीनं ये. तिकिटाचे पैसे मी पाठवते. आणि गाडीवरच येणार असशील तर उजाडल्यावर नीघ. निघालास की फोन कर, आणि किती वाजता निघालास ते खरं सांग.

तुझी,
आई