निकोलस ट्यूट आणि सेंट क्रॉयची साखर

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत की आयर्लंडच्या लोकांनी वेस्ट इंडीजमध्ये साखरेवर एवढा पैसा केला तरी कसा. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

निकोलस ट्यूटचंच उदाहरण घ्या. घराणं आयर्लंडमधल्या वेस्टमीथचं, जन्म १७०५ सालचा, वेस्ट इंडीजमधल्या इंग्रजांच्या माँटसेराट बेटावरचा. इंग्रजी राज्यात कॅथलिकांना सरकारी पदं बंद होती, व्यापार मात्र मोकळा होता. त्यामुळे तो आधी जहाजं चालवणारा व्यापारी झाला. बेटाबेटांवर खाण्यापिण्याचा माल पोचवायचा आणि गुलामही. डेन्मार्कनं १७३३ साली वेस्ट इंडीजमधलंच सेंट क्रॉय बेट फ्रान्सकडून विकत घेतलं होतं. जमीन उसाला चांगली होती, पण मळे उभे करायला पैसेवाले हवे होते. ट्यूट तिथं शिरला. पुढे सात मळे त्याच्या एकट्याच्या मालकीचे झाले आणि आणखी काहींत भागीदारी आली.

तुम्हाला गुऱ्हाळ ठाऊक आहे, म्हणून कामाचं सविस्तर लिहिते. नवी लागण चौदा-सोळा महिन्यांनी तोडायची, मग खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस. खरी घाई तोडणीनंतर. चोवीस तासांत ऊस चरकात गेला नाही तर आंबायला लागतो, आणि त्या रसाला नीट दाणा धरत नाही. चरकाच्या तीन उभ्या लाटा, म्हणजे ऊस चिरडणारे रूळ, पवनचक्कीवर फिरायच्या. वारा पडला की बैल किंवा खेचरं जुंपायची.

रस उकळायला तांब्याच्या काहिलींची रांग असे, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. एकच जाळ सगळ्यांत लहान काहिलीखाली असे आणि त्याची धग भुयारातून बाकीच्यांखाली जाई. रस काढून उरलेली, वाळलेली चिपाडं हेच जळण, म्हणून ती पावसात भिजली की सगळं अडायचं. आपल्याकडे भेंडीच्या चिकानं मळी, म्हणजे रसातला गाळ, वर आणतात, तिथं चुना घालत. चुना कमी पडला तर रसातला आंबटपणा राहतो आणि दाणा धरत नाही, जास्त झाला तर साखर काळपट होते. शेवटच्या काहिलीत बोटांनी तार बघायची आणि त्या घटकेलाच पाक काढायचा. थंड झालेली साखर तळाला भोकं असलेल्या पिंपांत भरून काकवी तीनेक आठवडे निथळू द्यायची. निथळण्यात घाई केली की जहाजात पिंपं गळत आणि बंदरावर वजन कमी भरे. काकवी आणि मळीची रम होई.

पैसा एकट्या साखरेत नव्हता. आयर्लंडहून खारवलेलं गोमांस आणि लोणी आणून मळ्यांना उधारीवर द्यायचं, त्याच्या बदल्यात साखर घ्यायची आणि तीच जहाजात भरून विकायची. असा व्यापारी दोन्हीकडून कमवी.

आई, तू विचारशीलच की राबत कोण होतं. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं. ऊस चोवीस तासांत संपवायचा म्हणून हंगामात रात्रपाळी लागे, आणि झोपेनं डोळे मिटलेल्याचा हात लाटांत जाई. कॅरिबियनमधल्या मळ्यांवर चरकाशेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे, हात तोडून निदान जीव वाचवायला. हे नीट लिहून ठेवलेलं आहे. चरक थांबवायला वेळ लागतो, म्हणून कुऱ्हाड. मला हे लिहितानाही राग येतो.

१७५४ साली ट्यूटनं डेन्मार्कच्या राजाकडून आपल्या कॅथलिक लोकांसाठी धर्मस्वातंत्र्य मिळवलं, आणि १७६० साली राजानं त्याला दरबारी मान दिला. १७७२ साली तो वारला. त्या मळ्यांवरच्या माणसांना मुक्त व्हायला ३ जुलै १८४८ उजाडावा लागला, आणि तेही त्यांनी स्वतः उठाव केला तेव्हा.

बाबा, एक कळवा. आपल्याकडच्या एका काहिलीच्या चुलवणाला एका आधणामागे चिपाड किती लागतं? रांगेतल्या काहिलींमुळे जळण किती वाचत असेल, त्याचा अंदाज मला बांधायचा आहे.

तुमची,
लेक