नळदुर्गच्या कॅम्पआधी, दादा, हे एकदा वाच

वॉल्थमस्टो, लंडन

प्रिय दादा, वहिनी आणि आई,

आई, तुला नमस्कार. हे पत्र दादा मोठ्याने वाचून दाखवेल, पण मधेमधे तो गाळेल, तर वहिनी तू लक्ष ठेव, गाळू देऊ नको.

दादा, तुझा परवाचा व्हॉइस मेसेज ऐकला. कॉलनीतल्या पोरांचा रविवारचा ग्रुप जोरात चाललाय हे ऐकून खरंच भारी वाटलं, हिप्परग्याला पक्षी बघायला काय, नान्नजला काळवीट दाखवायला काय, आमच्या वेळी असलं कुणी केलं नाही. पण मग पुढचं ऐकलं, की दिवाळीच्या सुट्टीत नळदुर्गचा किल्ला, एक रात्र मुक्काम, ओळखीच्यांच्या शेतात तंबू, पोरं तीस आणि मोठी माणसं तू आणि तुझा तो मित्र. मी विचारलं तर म्हणालास "काय होत नाय बे, आपण लहानपणी नाय का फिरलो". फोनवर तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तू मधेच आईला फोन देतोस, म्हणून लिहितेय.

तुला माहितीये आमचा चिरंजीव इथे कब स्काऊटमध्ये जातो, आठ ते साडेदहा वयाची पोरं असतात त्यात, आठवड्यातली एक संध्याकाळ चर्चच्या हॉलमध्ये जमतात. इथे पोराला सोडून आईबाप दारात थोडे जरी रेंगाळले की कुणीतरी हसून विचारतं, थोडा वेळ देणार का? तशी मी अडकले. पोरं मला रक्षा म्हणतात, इथे लीडर लोकांना जंगलातल्या गोष्टीतली नावं असतात, मुख्य बाई अकेला, बाकी कुणी बघीरा कुणी बल्लू, आणि आई तू विचारणारच म्हणून सांगते, हो, रक्षा लांडगीण असते. पगार कुणालाच नाही. एक नर्स आहे, एक बस चालवणारे काका, एक प्लंबर, एक अकाउंटंट आणि मी. म्हणजे डोंगरातलं कुणीच नाही. तरी पोरांना घेऊन जंगलात जातात, कारण आधी मोठ्या माणसांना शिकवतात, आणि ते शिकवणं फुकट, आमच्याकडून एक पैसा घेतला नाही.

मला वाटलेलं पहिल्या दिवशी तंबू नाहीतर गाठी शिकवतील. छे. आधी पोलीस रेकॉर्डची तपासणी, मग ओळखीच्यांकडून चौकशी, आणि मग हातात एक घडीचं पिवळं कार्ड. सगळे त्याला यलो कार्डच म्हणतात. त्यात पोरांशी वागायचं कसं ते लिहिलंय. एकट्या पोरासोबत बंद खोलीत किंवा गाडीत एकटं राहायचं नाही, बोलायचं तर दुसऱ्यांना दिसेल अशा ठिकाणी. मोठ्यांचे तंबू वेगळे, पोरांचे वेगळे. एखाद्या पोराने काही सांगितलं, घरात कुणी त्रास देतं वगैरे, तर ऐकून घ्यायचं, खोदून खोदून विचारायचं नाही, आणि "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन तर अजिबात द्यायचं नाही, कारण वर कळवावंच लागतं. तू म्हणशील हे सगळं तिकडचं. तर नाही, आपल्याकडे २०१२ चा पोक्सो कायदा आहे, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा, त्यात पण कळलेलं असून न कळवणं हा गुन्हाच आहे, आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, ती प्रत्येक मोठ्या माणसाच्या मोबाइलमध्ये सेव्ह पाहिजे. आणि दादा, तू रात्री उशीर झाला की एखाद्या पोराला गाडीवर एकट्याला घरी सोडतोस ना, ते बंद कर. तुझ्यावर शंका म्हणून नाही. नियम सगळ्यांना सारखा असला तरच चुकीचा माणूस शोधता येतो, आणि तुझ्यासारख्या सरळ माणसावर पण कुणाला बोट दाखवता येत नाही.

आता तीस पोरांचा हिशोब. इथे कब वयाच्या आठ पोरांमागे एक मोठा माणूस, आणि त्यावर एक इनचार्ज, तो मोजणीत धरायचा नाही. मोठी पोरं, म्हणजे साडेदहा ते चौदा, असली तर बारामागे एक. तुझ्याकडची बहुतेक नऊ-दहाची, मग तीसला चार आणि वर एक, पाच माणसं झाली. दोन नाही. आणि इनचार्ज एकच, नाव ठरलेलं, सगळ्यांना माहीत असलेलं. आपल्याकडे काय होतं, चार मोठे असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. इनचार्जचं काम मोजणं, निघताना मोजायचं, जेवताना मोजायचं, पाण्याजवळून हलताना मोजायचं, गाडीत बसल्यावर परत. शिवाय घरी एक माणूस ठेवायचा ज्याच्याकडे सगळ्या पोरांची यादी, आईबापांचे नंबर, कुठे आहोत आणि किती वाजता परतणार हे लिहिलेलं असेल. ते काम आईला दे, आई तसंही दर अर्ध्या तासाला फोन करतेच.

मग येतो तो कागद ज्याला सगळे कंटाळतात, रिस्क असेसमेंट. मी पण कंटाळले होते, पण परवा रात्री झोप येईना तेव्हा तुझ्या नळदुर्गचाच केला. धोका काय, कुणाला, आणि आपण काय करणार, एवढंच लिहायचं असतं. उपळ्या बुरूज, वरती कठड्याजवळ पोरं सेल्फीला पळणार, तर एका वेळी आठच पोरं वर आणि सोबत दोन मोठे, बाकीची खाली. पाणी महाल आणि तो नर-मादी धबधबा, पाऊस उशिरापर्यंत झाला तर बोरी नदीला पाणी असणार, दगडावर शेवाळ, तर कुणी खाली उतरणार नाही, पाय धुवायला पण नाही. आग्या माशा. जुन्या किल्ल्यांवर मोहोळं असतातच, आणि दिवाळी म्हणजे एखाद्या पोराच्या खिशात लवंगी असणारच, तर निघायच्या आधी सगळ्यांची सॅक उघडून बघायची, फटाके नाही, धूर नाही, डिओ नाही. वीज. परतीचा पाऊस आपल्याकडे कसा दुपारनंतर कडाडत येतो तुला माहितीये, गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत नाहीतर बंद गाडीत, झाडाखाली नाही, बुरुजावर नाही, तंबूत पण नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथून हलायचं नाही. हे सगळं दोन पानांत बसलं. आणि लिहून कपाटात ठेवायचं नसतं हां, बरोबरच्या पाचही जणांना वाचायला द्यायचं, पोरांना पण सांगायचं, आणि तिथे गेल्यावर परिस्थिती वेगळी दिसली तर बदलायचं.

रात्रीच्या मुक्कामाला इथे वेगळं परमिट लागतं, नाइट्स अवे. बिल्डिंगमध्ये झोपायचं एक परमिट, सोयी असलेल्या कॅम्पसाइटचं दुसरं, नुसत्या मोकळ्या रानाचं तिसरं, आणि सगळं पाठीवर घेऊन चालत जायचं त्याच्या वरचं. एक माणूस येऊन बघतो तुला जमतं का. आमच्याकडे आलेले आजोबा निवृत्त पोस्टमन होते, गळ्यात करड्या रंगाचा स्कार्फ, हातात काही वही वगैरे नाही. पोरं तंबू लावत होती, सगळा वाकडा, खुंट्या सरळ ठोकलेल्या, दोऱ्या ढिल्या, आणि एका पोराच्या बाबांना राहवेना म्हणून ते पळत गेले नीट करायला. आजोबांनी त्यांना मधेच अडवून चहाचा मोठा मग हातात दिला आणि म्हणाले, हा दोन्ही हातांनी धरा. बस, एवढंच. तंबू रात्री एका बाजूने बसला, पोरं टॉर्च घेऊन बाहेर आली, आपसात भांडली, खुंट्या तिरक्या ठोकल्या आणि परत झोपली. आम्ही चौघं बाजूच्या तंबूतून डोकं काढून बघत होतो, कुणी उठलं नाही. सगळ्या ट्रेनिंगमधलं मला हेच सगळ्यात अवघड गेलं बघ, जिथे जीवाला धोका नाही तिथे हात बांधून बसणं. तू तर पोरांच्या बुटाच्या लेस पण बांधून देतोस, वहिनीने फोटो पाठवलाय.

फर्स्ट एडचा कोर्स मात्र कुणी सोडू नये. तो इथे दर तीन वर्षांनी परत करावा लागतो. भाजलं तर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली, टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ पण नाही (आई, ऐकतेयस ना). बेशुद्ध पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबत राहणं, आम्ही रबरी पुतळ्यावर करून बघितला, दोन मिनिटांत घाम निघतो, सिनेमात दाखवतात तसं हलकं दाबणं नसतं. इथे सापाचं फारसं शिकवत नाहीत, ते मी तुझ्यासाठी वेगळं वाचलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आपल्या भागात, आणि शेतात तंबू म्हटल्यावर तर बघायलाच नको. घट्ट दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, कडं-अंगठी काढायची, पोराला झोपवून हलू द्यायचं नाही, १०८ लावायचा. मांत्रिकाकडे तर नाहीच. आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे ते निघायच्या आधी फोन करून विचार, तिथे जाऊन शोधत बसू नको.

असंही समजू नको की इथलं सगळं भारीच आहे. ऑनलाइन मॉड्यूल म्हणजे नुसतं पुढे-पुढे दाबत जायचं, डोळे मिटतात, आणि कागदपत्रांपायी काही जण सोडून पण जातात. मुक्कामाला जायचं तर आठवडाभर आधी वरती कळवा, हे भरा ते भरा. तेवढं सगळं तू कर असं मी म्हणत नाही.

पण कोर्स कर दादा. आपल्याकडे सोय नाही असं अजिबात नाहीये. भारत स्काऊट्स आणि गाईड्स १९५० पासून आहे, त्यांचा लीडर लोकांसाठी आधी बेसिक कोर्स, मग अ‍ॅडव्हान्स्ड, आणि त्याच्या वर हिमालय वुड बॅज, राष्ट्रीय ट्रेनिंग सेंटर पचमढीला. तुला वाटत असेल ते शाळेतल्या सरांचं काम, पण शाळेबाहेरचे ओपन ग्रुप पण असतात, जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन विचार तर खरं. तो वुड बॅज इथलाच बरं का, आमच्या घरापासून बसने जाता येतं त्या गिलवेल पार्कला, १९१९ साली मॅक्लॅरन नावाच्या एका स्कॉटिश माणसाने ती जागा स्काऊटला घेऊन दिली आणि त्याच वर्षी पहिला कोर्स झाला. पास झालं की गळ्यात चामड्याच्या दोरीत दोन लाकडी मणी, पोस्टमन आजोबांच्या गळ्यात होते तेच. माझे अजून मिळायचेत. आणि तुला खरंच डोंगर चढायला न्यायचं असेल पोरांना, तर मग उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, तिथला बेसिक कोर्स जवळजवळ महिनाभराचा असतो, ऑफिसमधून तेवढी रजा तुला कोण देणार ते तू बघ. फर्स्ट एडसाठी रेड क्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचे कोर्स असतात, ते तर दिवाळीआधी पण होऊन जाईल.

वहिनी, तू पण जा बरोबर. तुमच्या ग्रुपमध्ये मुली फक्त चार आहेत म्हणालीस, आणि मुक्कामाला तर एकीच्याच घरचे पाठवतायत. बरोबर एक बाई असेल, शिकलेली, तर बाकीच्यांच्या आया पण हो म्हणतील. तुझं शिवणाचं काम दोन-चार दिवस बंद राहिलं तर दादा आणि आई बघून घेतील, मी सांगितलंय म्हणून सांग.

नळदुर्गची दोन पानं मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेय, ती प्रिंट काढ आणि माझं काही चुकलं असेल तर पेनाने खोड, तू तिथे जाऊन आलायस, मला शेवटचं जाऊन वर्षं झाली. मुक्काम पाच माणसं मिळेपर्यंत पुढे ढकल, तोवर दिवसाची सहल कर, पण तीस नको, जेवढे मोठे मिळतील तेवढ्याच हिशोबाने पोरं ने, उरलेल्यांचा नंबर पुढच्या रविवारी. हुरड्याच्या दिवसात मुक्कामाला जा, तेव्हा थंडी पण असते आणि विजेची पण भीती नाही.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर वहिनीला सांग, अंगावर काढू नको. मामा डिसेंबरात इकडे येतायत ना, त्यांच्याबरोबर शेंगाची चटणी दे, मागच्या वेळेसारखी किलोभर नको, दोन किलो दे, इथल्या अकेला बाईला पण हवीये, ती कॅम्पवर ब्रेडला लावून खाते.

तुझी धाकटी