लेथचं काम शिकवणाऱ्या बाबांना

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात तुम्ही आम्हा भावंडांना लेथचं, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्राचं, काम शिकवलंत, तेही प्रत्येक गोष्टीचं कारण सांगून. त्याचे आभार सगळ्यांसमोर मानायचे आहेत. नव्याने शिकणाऱ्या मुलांनाही उपयोग व्हावा, म्हणून तपशिलात लिहितो आहोत.

सुरुवात टूलच्या, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या, उंचीपासून. टोक टेलस्टॉकच्या (लेथच्या उजवीकडच्या आधाराच्या) सेंटरला लावून बघायचं, कमी पडलं तर खाली पत्र्याचं पॅकिंग. टोक खाली राहिलं तर फेसिंग मारताना, म्हणजे जॉबचं (कापायच्या तुकड्याचं) तोंड सपाट करताना, मधोमध बोंड उरतं. वर गेलं तर टूल कापण्याऐवजी घासतं आणि तापतं. शँकच्या (टूलच्या दांड्याच्या) उंचीच्या दीडपटीपेक्षा टूल बाहेर काढलं की थरथरतं, जॉबवर लाटा उमटतात. फिनिश बिघडला की आम्ही आजही आधी हेच तपासतो.

स्पीडचं गणित सोपं करून दिलंत. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने एमएस (माइल्ड स्टील) कापताना मिनिटाला साधारण ३० मीटर. म्हणजे २५ मिमीच्या जॉबला ३८० आरपीएमच्या आसपास, ५० मिमीला त्याच्या निम्मे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मात्र कोरडंच कापायचं, नाहीतर त्याची भुकटी कूलंटमध्ये (टूल थंड ठेवणाऱ्या द्रवात) कालवून स्लाइडवर चिखल बसतो.

सगळ्यात मोठं ऋण मापाचं. ६२०५ या २५ मिमी भोकाच्या बेअरिंगची सीट (शाफ्टवरची बसायची जागा) के६ फिटमध्ये, म्हणजे किंचित घट्ट बसेल अशी, करायची तर शाफ्ट २५.००२ ते २५.०१५ मिमी हवा. जेमतेम १३ मायक्रॉनची (मिमीच्या हजाराव्या भागांची) जागा! तिथे ०–२५ चा मायक्रोमीटर चालत नाही. २५–५० चा, मायक्रॉन वाचणारा घ्यायचा, आधी २५ मिमीच्या स्टँडर्डवर (नेमक्या मापाच्या तुकड्यावर) तपासायचा आणि रॅचेटनेच, म्हणजे ठरावीक दाबाला घसरणाऱ्या टोकाच्या खुंटीनेच, फिरवायचा. थिंबल (फिरणारी नळी) हाताने आवळला तर माप कमी दिसतं.

आणि गरम जॉब मापायचा नाही. शाफ्ट ३० अंशांनी तापला की २५ मिमीचा व्यास सुमारे ९ मायक्रॉन फुगतो. गरम असताना २५.००८ दिसलेला शाफ्ट थंड झाल्यावर २४.९९९ भरतो, म्हणजे मायनस गेला. मग बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर सरकू लागते आणि सीट झिजते. म्हणून रफिंगनंतर (सुरुवातीच्या जाड कापानंतर) व्यासावर ०.३ मिमी ठेवून जॉब थंड होऊ द्यायचा, मगच फिनिशचा कट. घाईची ऑर्डर असली तरी तुम्ही हे थांबणं कधी टाळू दिलं नाहीत.

चक की (जॉब पकडणाऱ्या चकची किल्ली) चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही, हातमोजे घालायचे नाहीत, चिप हुकनेच ओढायची, ताईची वेणी टोपीच्या आत. यात कुणालाच सूट नव्हती.

बाबा, मुलगी म्हणून ताईला फक्त हिशेबाच्या वहीवर बसवलं नाहीत, तिच्याही हातात फोर जॉ (चार जबड्यांचा) चक आणि जॉब मधोमध आहे का ते दाखवणारा डायल दिलात. त्याबद्दल आम्हा दोघांकडून मनापासून आभार.

तुमची मुलं,
ठाणे